विमानाआधीचा मोकळा दिवस : सीएसएमटीवर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशासाठी

कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोकण यांपैकी कुठूनही परदेशी निघालेला माणूस बहुधा रात्रीच्या गाडीने मुंबईला येतो. महालक्ष्मी, सिद्धेश्वर, विदर्भ, देवगिरी, कोकणकन्या या गाड्या पहाटेपासून सकाळी साडेसातपर्यंत एकामागून एक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीएसएमटीवर येऊन लागतात. आखाती देश, युरोप आणि अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमाने मात्र रात्री किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात. मधल्या वेळेत कुठे जावे हे माहीत नसल्यामुळे लोक सरळ सहारच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर जातात आणि टर्मिनलबाहेर सामानाच्या ढिगाशेजारी आठ-आठ तास बसून राहतात. मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच निघालेले आई-वडील असे बसलेले पाहिले की मला फार वाईट वाटते. मुंबईत राहायला लागल्यापासून गावाकडच्या बऱ्याच नातेवाइकांना मी या मधल्या वेळेत शहर दाखवले आहे. सोबतीला कोणी नसले तरी नवख्या माणसाला हे स्वतःचे स्वतः जमावे, यासाठी त्या अनुभवातून सुचलेला क्रम इथे सविस्तर मांडतो.

एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. विमानाच्या दिवशी सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, राणीची बाग आणि गेटवे असे सगळे एका दमात उरकण्याचा बेत मनातून काढून टाकावा. या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो, ते तासांमध्ये मोजावे लागते. सीएसएमटीपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचा अडीच किलोमीटरचा पट्टा पायी पाहता येतो, वाटेत सावली आहे, बसायला जागा आहे, खाण्यापिण्याची सोय आहे आणि पाहण्यासारखे इतके आहे की अख्खा दिवसही पुरणार नाही. उतरलो त्याच स्थानकात सामान ठेवायचे, एवढाच पट्टा निवांत पाहायचा आणि परत तिथेच येऊन विमानतळाकडे निघायचे, हा बेत मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

घर सोडण्यापूर्वी : तिकिटावरची तारीख आणि विमानतळ

पहिली पायरी घरीच पार पाडावी. तिकिटावर वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, हे तोंडपाठ असल्यासारखे वाटते, पण घाईत नेमके तिथेच चुकते. १५ तारखेला ००:४० असे छापले असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते आणि मुंबई पाहायची असते ती १४ तारखेच्या दिवसा. माझा एक मावसभाऊ नेमका १५च्या सकाळी गाडीतून उतरला होता. स्थानकातल्या क्लोकरूममध्ये, म्हणजे सामान ठेवण्याच्या खोलीत, बॅगा ठेवताना त्याने मला फोन केला, मी सहज विमानाची वेळ विचारली आणि ती ऐकल्यावर दोघेही काही क्षण गप्प झालो. त्याचे विमान सात तासांपूर्वीच सुटले होते. नवे तिकीट काढण्यात त्याचे पैसे तर गेलेच, शिवाय नोकरीवर रुजू व्हायला दोन दिवस उशीर झाला तो वेगळाच. तेव्हापासून कोणाचेही तिकीट हातात आले की मी तारीख आणि वार मोठ्याने वाचायला लावतो.

दुसरी तपासणी विमानतळाची. पूर्वी मुंबईचे विमान म्हटले की प्रश्नच नसे, आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम हा संकेत असेल तर मुंबईचा जुना विमानतळ आणि एनएमआय असेल तर नवी मुंबईचा, एवढे ओळखता आले पाहिजे. जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनल आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणे सहारच्या टर्मिनल दोनवरून, म्हणजे टी-टूवरून होतात. देशांतर्गत उड्डाणे दोन्हीकडून होत असल्याने दिल्ली किंवा बंगळूरमार्गे पुढे जाणाऱ्यांनी आपले टर्मिनल तिकिटावर नीट पाहावे, कारण एकीकडून दुसरीकडे जायला रस्त्याने वळसा घालावा लागतो. या लेखातला सगळा हिशेब टी-टूवरून जाणाऱ्यांसाठी आहे. नवी मुंबईहून उड्डाण असेल तर परतीच्या प्रवासाला वेगळा आणि जास्त वेळ धरावा लागेल.

वेळेचा हिशेब उलट्या बाजूने

मोकळा वेळ किती, हे गाडी पोहोचण्याच्या वेळेवरून काढू नये. विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे. समजा, विमान रात्री ११:४५ला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचण्याची सूचना असते, त्यात पहिल्यांदा जाणाऱ्याने अर्धा तास वाढवावा, म्हणजे टर्मिनलच्या दारात ८:१५ला उभे राहायचे. सीएसएमटीवरून संध्याकाळी रस्त्याने निघाल्यास दोन तास धरावेत, म्हणजे ६:१५ला टॅक्सीत बसलेले असावे. सामान सोडवून घेणे, हातपाय धुणे आणि टॅक्सी मिळवणे यांसाठी पाऊण तास ठेवला की ५:३०ला स्थानकात परतायचे. त्याहीआधी एक तास शिलकीत ठेवावा आणि भटकंतीचा बेत ४:३०ला संपेल असा आखावा. बेत आखताना हा शिलकीचा तास कशातच खर्ची घालायचा नाही. पाय दुखले, पाऊस आला, रस्ता चुकला किंवा घरून फोन आला तर तो आपोआप उपयोगी पडतो.

पुढच्या टोकाचेही असेच आहे. गाडी साडेसातला पोहोचायची असली तरी उशीर गृहीत धरावा. आंघोळ, सामान आणि नाश्ता उरकून बाहेर पडायला साडेनऊ वाजतात. म्हणजे हातात साधारण सात तास उरतात आणि आपल्या पट्ट्यासाठी ते भरपूर आहेत. तुमचा हिशेब चार तासांच्या खाली येत असेल तर वस्तुसंग्रहालय सोडून फक्त पायी फेरी करावी. तो तीन तासांच्या खाली गेला तर शहरात न शिरता सरळ विमानतळ गाठावा.

सामान आधी, शहर नंतर

गाडीतून उतरल्यावर पहिले काम सामानाचे. सीएसएमटीवर मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या बाजूला रेल्वेचे क्लोकरूम आहे आणि कोणत्याही हमालाला किंवा रेल्वे पोलिसाला विचारले की तो दिशा दाखवतो. तिथे प्रवासाचे वैध तिकीट दाखवावे लागते, मोबाइलवरचे तिकीटही चालते. ज्या बॅगेला कुलूप नाही ती ठेवून घेत नाहीत, हा नियम बहुतेकांना तिथे गेल्यावरच कळतो. म्हणून घरूनच प्रत्येक बॅगेला लहानसे कुलूप लावून आणावे आणि दोरीने बांधलेले खोके किंवा नुसती पिशवी आणण्याचे टाळावे. मिळालेली पावती पासपोर्टइतकीच जपावी आणि तिचा फोटो काढून सोबत्याला पाठवून ठेवावा. सामान संध्याकाळी किती वाजेपर्यंत परत मिळेल, हेही तिथेच स्पष्ट विचारून घ्यावे.

पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे, परकीय चलन, दागिने, लॅपटॉप आणि रोजची औषधे कोणत्याही परिस्थितीत क्लोकरूममध्ये ठेवू नयेत. ही सगळी चीजवस्तू एका लहान बॅगेत घालून ती बॅग छातीसमोर अडकवून फिरावे. फोर्टातले, म्हणजे सीएसएमटीच्या दक्षिणेकडच्या या जुन्या भागातले, रस्ते सुरक्षित आहेत, पण फूटपाथवर दुकाने पाहताना आणि गेटवेवर फोटो काढताना गर्दीत लक्ष विचलित होते. पासपोर्ट हरवला तर विमान चुकते आणि पुढचे कित्येक दिवस कचेऱ्यांच्या खेपांत जातात.

आंघोळीची सोय स्थानकातच होते. लांबच्या तिकिटावर रेल्वेची विश्रामकक्षाची खोली आधी आरक्षित करता येते आणि शुल्क देऊन वापरता येणारे वातानुकूलित प्रतीक्षागृहही आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर खोलीचे पैसे वाचवू नयेत, कारण पुढे रात्रभराचा विमानप्रवास असतो आणि सकाळचा तासभर पाठ टेकण्याने फार फरक पडतो.

नाश्त्यासाठी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला आराम हे जुने मराठी उपाहारगृह आहे. त्याच्या वडापावची ख्याती गावापर्यंत पोहोचलेली असते, पण तिथला साबुदाणा वडा आणि पियूषही मी आवर्जून सुचवतो. रस्ता मात्र वरून ओलांडू नये, स्थानकाबाहेरच्या भुयारी मार्गाने जावे. त्या चौकात नवख्या माणसाला वाहने कुठल्या बाजूने येतात याचा अंदाजच येत नाही.

पायी फेरी : स्टीव्हन्सपासून विटेटपर्यंत

फेरीची सुरुवात ज्या इमारतीतून बाहेर पडलात तिच्यापासूनच करावी. बहुतेक लोक सीएसएमटीतून जातात, पण ती पाहत कोणीच नाही. महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोरच्या बाजूला उभे राहून वर नजर टाकावी. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८मध्ये सुरू झाले आणि १८८७मध्ये तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. मधल्या घुमटावर उजव्या हातात मशाल उंचावलेली आणि डाव्या हाताशी चाक असलेली स्त्रीमूर्ती आहे, ती प्रगतीचे प्रतीक मानली जाते. फाटकाच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसवला आहे, सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. मग लोकल गाड्यांच्या तिकीटघरात, ज्याला स्टार चेंबर म्हणतात तिथे, पाच मिनिटे जावे. खांबांच्या माथ्याशी कोरलेली पाने, पक्षी आणि लहान प्राणी शोधत राहिले की वेळ कसा जातो कळत नाही. माझ्या आत्याने तिथे एकाच खांबाभोवती तीन चकरा मारल्या आणि गावच्या देवळातल्या मंडपाची आठवण काढली, हे मला अजून आठवते. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली होती. २००४मध्ये या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, ती १८९३ची आहे. दोन्ही एकाच जागेवरून दिसत असल्याने त्यांची तुलना करता येते.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालत निघावे. हा रस्ता निवडण्याचे कारण साधे आहे. दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींना खाली कमानींचे पडवीसारखे आच्छादन असल्यामुळे उन्हात आणि पावसातही चालता येते. पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. इथे १८६४ साली उभारलेले फ्लोरा फाउंटन हे कारंजे आहे आणि त्याच्या शेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचे हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच भागात गोळीबार झाला होता आणि त्या चळवळीतून १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मराठी माणसाने देश सोडून निघण्यापूर्वी इथे दोन मिनिटे थांबावे, असे मला मनापासून वाटते. बरोबर मुले असतील तर त्यांना ही हकिकत जागेवरच सांगावी, ती त्यांच्या लक्षात राहते.

चौकातून उजवीकडे वळून पाच मिनिटांवर ओव्हल मैदान आहे. मैदानाच्या कडेला उभे राहिले की पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक इमारतींची रांग दिसते आणि पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती दिसतात. या दोन्ही रांगांतील व मरीन ड्राइव्हवरील मिळून ९४ इमारतींच्या समूहाला २०१८मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवर १८७८मध्ये पुरा झाला. कापसाच्या व्यापारात नाव कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि टॉवरला आपल्या आईचे नाव द्यायला सांगितले. सूर्यास्ताआधी जेवणाचा नेम पाळणाऱ्या त्या माउलीला दृष्टी नव्हती, घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी हा हेतू होता, असे सांगतात. टॉवर बाहेरूनच पाहावा.

मैदानावरून काळा घोडा भागात यावे. ज्या काळ्या पुतळ्यावरून हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये हलवला गेला आणि आता राणीच्या बागेत आहे. सध्या चौकात दिसणारा स्वाराविना घोडा २०१७चा आहे. जवळच जहांगीर कलादालन आहे. १९५२मध्ये सुरू झालेले हे दालन सकाळी अकराला उघडते आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. वीस मिनिटे चित्रे पाहावीत, त्या निमित्ताने गारव्यात टेकताही येते.

वस्तुसंग्रहालयाला या फेरीत सर्वांत जास्त वेळ द्यावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडते, त्यामुळे गाडी वेळेवर आली असेल तर हुतात्मा चौकातून थेट इथे येऊन जहांगीर नंतर पाहिले तरी चालते. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट याचा आहे. १९०५मध्ये पायाभरणी झाली, १९१४पर्यंत इमारत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालय म्हणून ती १९२२मध्ये खुली झाली. घुमट पाहून विजापूरच्या गोलघुमटाची आठवण होते, कारण विटेटने तो नमुना समोर ठेवला होता. आत गेल्यावर सगळी दालने पाहण्याचा प्रयत्न करू नये. तळमजल्यावरची शिल्पे, वरच्या मजल्यावरची लघुचित्रे आणि शस्त्रदालन एवढेच निवडावे. लघुचित्रांसमोर अगदी जवळ जाऊन उभे राहावे आणि एकाच चित्रात पाच मिनिटे घालवावीत. झाडाच्या प्रत्येक पानाची कड, बाईच्या ओढणीची किनार आणि पाण्यावरचे तरंग एका केसाच्या कुंचल्याने काढल्यासारखे दिसतात, ते लांबून कळत नाहीत. शस्त्रदालनात अकबराचे चिलखत आहे. लहान मुले असतील तर निसर्गविभागातले पेंढा भरलेले प्राणी पाहताना ती रमतात. इथली स्वच्छतागृहे चांगली आहेत आणि बागेत बसायला बाके आहेत. ज्येष्ठांना चालणे झेपत नसेल तर सीएसएमटीवरून टॅक्सीने थेट इथेच यावे, बाकी सगळे सोडले तरी चालेल.

शेवटचा टप्पा गेटवे ऑफ इंडिया, संग्रहालयापासून दहा-बारा मिनिटांवर. हाही विटेटचाच. पंचम जॉर्ज बादशहा १९११मध्ये मुंबईत उतरला त्याच्या स्मरणार्थ ही २६ मीटर उंचीची कमान बांधली, ती १९२४मध्ये खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून परत गेली. समोरच छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. प्रवेशापाशी सुरक्षा तपासणी होते, शनिवार-रविवारी रांगही लागते. फोटो काढून देणारे मागे लागतात, नको असेल तर एकदाच ठामपणे नाही म्हणावे. इथे एक मोह आवरावा लागतो तो घारापुरीच्या लाँचचा. लेणी अप्रतिम आहेत, पण जाण्यायेण्यात आणि पाहण्यात मिळून चार ते पाच तास जातात आणि परतीची लाँच आपल्या हातात नसते. विमानाच्या दिवशी घारापुरीला जाऊच नये.

जेवण आणि खरेदी

जेवण काळा घोडा किंवा फोर्टातल्या एखाद्या साध्या उडपी हॉटेलात उरकावे. दक्षिणी थाळी पोटाला हलकी पडते आणि झटपट मिळते. पाणीपुरी, रस्त्यावरचा सरबताचा गोळा आणि फारच तिखट खाणे त्या दिवशी टाळावे, कारण पुढचे आठ-दहा तास विमानातल्या अरुंद आसनावर काढायचे असतात. इराणी चहाची हौस असेल आणि शिलकीचा तास शाबूत असेल तर धोबीतलावच्या कयानीत बनमस्का खाऊन परतावे. १९०४पासून चालत आलेले ते उपाहारगृह सीएसएमटीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. काही विसरले असेल तर महात्मा जोतिबा फुले मंडईत, जिला सगळे क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, खरेदी होते. मात्र ऐन वेळी घेतलेले लोणचे, तूप किंवा पातळ चटणी हातातल्या बॅगेत ठेवू नये. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली आंतरराष्ट्रीय प्रवासात सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि आईने किंवा सासूने दिलेली बरणी तिथे टाकून देताना लोकांना रडू आलेले मी पाहिले आहे.

फिरण्याची वाहने

या भागात रिक्षा शोधत बसू नये. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, इथे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा आपले पाय. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये झाले आहे. जवळच्या अंतराला मीटर टाकायला सांगून मगच बसावे. गेटवेहून सीएसएमटीला परतताना चालून थकवा आला असेल तर टॅक्सी करणेच शहाणपणाचे, अंतर कमी आणि भाडे किरकोळ असते. वेळ उरला तर तिच टॅक्सी चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्हवरून न्यायला सांगावी आणि कठड्यावर अर्धा तास समुद्राकडे तोंड करून बसावे.

विमानतळाकडे

परतीचा मार्ग सामानावर ठरतो. एक लहान बॅग आणि पाठीवरची सॅक एवढेच असेल तर भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो तीन, हा उत्तम मार्ग आहे. कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरचा आणि २७ स्थानकांचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाला. सीएसएमटीला या मेट्रोचे स्थानक आहे आणि टी-टूलाही. पाऊण तासाच्या आसपास माणूस विमानतळावर पोहोचतो आणि वरच्या रस्त्यावरच्या कोंडीशी त्याचा संबंध येत नाही. टर्मिनल एकसाठी वेगळे स्थानक आहे, म्हणून उतरताना नाव वाचूनच उतरावे. रात्रीची शेवटची गाडी चुकवू नये आणि प्रवेशापाशी बॅगांची तपासणी होते तेवढा वेळ धरावा.

तेवीस-तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा असतील तर मेट्रोचा विचार सोडून द्यावा आणि टॅक्सी करावी. संध्याकाळी लोकलने अंधेरीला जाण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मुळीच मानू नये. पाच ते नऊ या वेळेत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत मोकळ्या हातांनी चढणेही नवख्याला जमत नाही. टॅक्सीवाल्याला किनारी रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून न्यायला सांगावे. सेतूवर टोल पडतो, पण माहीम आणि दादरची गर्दी चुकते. पुढे पश्चिम द्रुतगती महामार्गावरून सहारचा उन्नत रस्ता थेट टी-टूच्या दारात नेतो. टॅक्सीत बसल्यावर चालकाला टर्मिनल दोन, प्रस्थान, असे स्पष्ट सांगावे.

काही दिवशी हा सगळा बेत बदलावा लागतो. रविवारी दिवसा उपनगरी रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद असतात, पण फोर्टातल्या कचेऱ्या बंद असल्याने पायी फिरायला तोच दिवस सर्वांत छान असतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी सीएसएमटीभोवतीचे रस्ते सकाळी बंद असतात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या दिशेने फिरकू नये, त्या दिवशी दुपारीच विमानतळ गाठावा. जून ते सप्टेंबर या काळात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की सखल भागात पाणी साचते आणि दोन तासांचा रस्ता चार तासांचा होतो. पावसाळ्यात सकाळी आकाश भरून आलेले दिसले तर फक्त वस्तुसंग्रहालय पाहावे आणि दुपारी तीनलाच निघावे.

टी-टूला प्रस्थान चौथ्या मजल्यावर आहे. दारात तिकीट आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा ही दोन्ही कागदपत्रे टॅक्सीतच हातात काढून ठेवावीत. बहुतेक विमान कंपन्यांचे काउंटर तीन-चार तास आधी उघडतात. बॅगा देऊन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकून आत पोहोचल्यावर तासभर हाताशी राहिला तर खुर्चीत बसून न राहता भिंतींकडे पाहत चालावे. देशभरातून आणलेल्या हजारो कलावस्तू या टर्मिनलच्या भिंतींवर मांडल्या आहेत, जुने कोरीव दरवाजे आहेत, देवळांतले लाकडी खांब आहेत, मुखवटे आहेत. आपल्या गेटचा क्रमांक फलकावर एकदा पाहून घ्यावा, गेट जवळचे की लांबचे ते समजून घ्यावे आणि मगच त्या भिंतींकडे वळावे.